जेनोआ पायी फिरायचं तर वर लिफ्टने जा, खाली चालत या

उन्हाळा आला की दरवर्षी तेच. झुरिक नाहीतर म्युनिकहून कोणीतरी आई-बाबांना घेऊन इटलीत उतरतं, पुढे चिंक्वे तेर्रेला (समुद्रकाठची पाच गावं) जायचं असतं, वाटेत मॅपवर जेनोआ दिसतं, "सगळं दोन-तीन किलोमीटरमध्येच तर आहे, एक दिवस चालत फिरू" असं ठरतं आणि संध्याकाळी मेसेज येतो की गुडघे गेले, समुद्र काही दिसला नाही, तीन वाजता जेवायला गेलो तर सगळीकडे किचन बंद. शहराचा यात काही दोष नाही. प्लॅन अंतर बघून केलेला असतो आणि हे शहर उभं आहे, मागे लगेच डोंगर, पुढे बंदर, मध्ये जी चिंचोळी पट्टी उरते तिच्यात सगळं कोंबलेलं. मॅपवरचे ४०० मीटर म्हणजे कधी पाच मिनिटांची सपाट चाल, कधी सहा मजले चढण.

म्हणून खाली जे टप्पे दिलेत ते त्याच क्रमाने करा. जेनोआत क्रम उलटा केला की उतार असतात त्यांचे चढ होतात, एवढं साधं आहे ते.

## १. तारीख आणि वार (हे घरी बसूनच)

मंगळवार ते शनिवार बघा. सोमवारी बरीच म्युझियम बंद असतात. रविवारी जुन्या गल्ल्यांमधल्या दुकानांची शटर खाली असतात, आणि शटर खाली असलेली गल्ली म्हणजे नुसत्या काळपट भिंती, तिथे अर्ध्या तासात कंटाळा येतो आणि थोडं अस्वस्थही वाटतं. रविवारच हातात असेल तर सरळ नेर्वी करा, ते शेवटी लिहिलंय.

१५ ऑगस्टच्या आसपास इटलीत सगळे सुट्टीवर. घरगुती छोट्या खाणावळी तर कधीकधी दोन-तीन आठवडे बंद, दारावर कागद चिकटवलेला.

ऑक्टोबर-नोव्हेंबरचं जरा नीट वाचा. या भागात पाऊस येतो तेव्हा आपल्या कोकणातल्यासारखा धो-धो येतो आणि डोंगरावरून पाणी थेट शहरात उतरतं. २०११ आणि २०१४ मध्ये इथे पुरात माणसं गेलीयत. हवामानाचा इशारा रंगात देतात, पिवळा, नारिंगी, लाल. लाल असेल त्या दिवशी पायी फिरणं रद्दच करायचं, आणि "आत्ता तर ऊन आहे की" म्हणून नदीकाठच्या रस्त्यांवर किंवा अंडरपासमध्ये जायचं नाही.

तपासा: वार ठीक आहे? हवामानाचा रंग बघितला? बूट रबरी सोलचे आहेत? गल्ल्यांमधल्या दगडी फरश्या झिजून गुळगुळीत झाल्यात, ओल्या झाल्या की सपाट सोलच्या सँडल सरळ घसरतात.

## २. स्टेशन आणि बॅग

मोठी स्टेशनं दोन. पश्चिमेला पियाझ्झा प्रिंचिपे, पूर्वेला ब्रिन्योले. बोर्डावर आणि तिकिटावर जेनोआ नाही, जेनोवा दिसेल, गोंधळू नका. मिलानहून येताना आधी प्रिंचिपे लागतं आणि या लेखातला रूट तिथूनच सुरू होतो.

सगळ्यात कॉमन चूक इथेच होते. प्रिंचिपेला उतरून लोक मॅप लावतात, मॅप सगळ्यात जवळचा रस्ता म्हणून विया प्रे मध्ये घालतो, आणि मग दोन चाकी बॅगा, एक बॅकपॅक आणि आई-बाबा असे सगळे त्या अरुंद गल्लीत. दिवसा तसं काही होत नाही, पण बॅगा ओढत जाण्यासारखी ती जागा नाही, खिसेकापूंचं लक्ष अशाच लोकांकडे असतं. बॅग घेऊन असाल तर स्टेशनसमोरून विया बाल्बी धरा, रुंद आणि सरळ रस्ता आहे. नाहीतर मेट्रो घ्या. एकच लाइन आहे आणि प्रिंचिपे, दार्सेना, सान जॉर्जो, सार्झानो, दे फेर्रारी, ब्रिन्योले याच क्रमाने जाते, त्यामुळे चुकायला वावच नाही.

हॉटेल बुक करताना पत्त्यात "सालिता" असेल तर ती चढाची वाट, "स्कालिनाता" असेल तर चक्क जिना. मालकाला लिहून विचारा, स्टेशनपासून दारापर्यंत पायऱ्या किती, आणि बिल्डिंगला लिफ्ट आहे का. जुन्या इमारतींमध्ये चौथा मजला म्हणजे खरंच उंच असतो आणि लिफ्ट असेलच असं नाही.

एका दिवसापुरतेच आला असाल तर बॅग स्टेशनवर किंवा जवळच्या लगेज रूममध्ये ठेवा. "थोडंच तर चालायचंय, ओढू" असं म्हणणारे दुपारी एकला भांडायला लागतात.

## ३. डोक्यात आधी कणा पक्का करा

हा टप्पा लोक गाळतात आणि मग दिवसभर फोनमध्ये बघत फिरतात. जुन्या गल्ल्यांमध्ये इमारती इतक्या उंच आणि जवळ आहेत की जीपीएसचा निळा ठिपका एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत उड्या मारतो. त्या भरवशावर राहू नका. ऑफलाइन मॅप उतरवून ठेवाच, पण त्याआधी ही एक ओळ पाठ करा:

प्रिंचिपे, विया बाल्बी, नुन्झियाता चौक, लार्गो झेक्का, विया कैरोली, विया गॅरिबाल्डी, फोंताने मारोझे चौक, दे फेर्रारी चौक.

हा झाला शहराचा वरचा कणा. न थांबता चाललं तर साधारण अर्धा तास, रस्ता चांगला, चढ अगदी किरकोळ. आता याच्या खाली, समुद्राच्या बाजूला, जवळजवळ समांतर दुसरी रेघ: विया देल काम्पो, विया सान लूका, बांकी चौक. आणि त्याच्याही खाली बंदरालगत सोत्तोरीपाच्या कमानी. वरची रेघ आणि बंदर यांच्यामध्ये ज्या शंभर गल्ल्या आहेत ना, त्यांना इथे कारुज्जी म्हणतात. उतार लागला तर बंदराकडे चाललोय, चढ लागला तर विया गॅरिबाल्डीकडे. बस, या भागात एवढं कळलं की हरवलात तरी दहा मिनिटांत कुठल्यातरी ओळखीच्या रेघेवर बाहेर पडता.

पत्त्यांचं एक वेगळं लफडं आहे. घरांचे नंबर काळे किंवा निळे, दुकान-हॉटेलांचे नंबर लाल, आणि दोन्ही मालिका एकाच रस्त्यावर स्वतंत्र चालतात. म्हणजे काळा १२ आणि लाल १२ एकमेकांपासून लांब असू शकतात. लाल नंबराच्या पत्त्यात आकड्यापुढे "आर" अक्षर असतं. बरेच जण खाणावळ शोधत कोणाच्यातरी घराच्या दारात उभे असतात ते यामुळे.

तपासा: फोन खिशात ठेवून वरची ओळ म्हणता येते का? येत नसेल तर कागदावर लिहून घ्या. हसू नका, कामी येतं.

## ४. सकाळ: आधी वर, पण पायी नाही

साडेआठ-नऊला फोंताने मारोझे चौकात या. तिथून दोन मिनिटांवर पोर्तेल्लो चौक, दोन बोगद्यांच्या मधली जागा, गाड्यांचा आवाज भरपूर. तिथे "अशेन्सोरे" अशी पाटी शोधा, मग फरशा लावलेल्या एका बोगद्यातून आत चालत गेलं की कास्तेलेत्तोची लिफ्ट लागते. १९०९ पासूनची सार्वजनिक लिफ्ट आहे, इथली माणसं ऑफिसला, बाजाराला तिने जातात. तिकिटाचे नियम इथे बदलत असतात, लिफ्टपाशी लावलेला बोर्ड वाचा. तिकीट लागत असेल तर तंबाखूच्या दुकानात मिळतं, मोठ्या टी अक्षराची पाटी असते, आणि मशीनमध्ये शिक्का मारायला विसरायचं नाही.

वर बाहेर पडलात की स्पियानाता कास्तेलेत्तो, म्हणजे शहरावरची गच्चीसारखी मोकळी जागा. इथे फोटो काढून लगेच निघून जाणं ही चूक. इथे पंधरा मिनिटं थांबून समोरचं शहर वाचा. उजवीकडे लांब उंच दीपगृह दिसेल ते लँटर्ना, ७७ मीटर उंच. समोर राखाडी पाटीच्या दगडाची छपरं, त्यातून वर आलेला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मनोरा म्हणजे सान लोरेन्झो कॅथेड्रल. छपरांच्या पलीकडे क्रेन आणि बोटी म्हणजे बंदर. आणि अगदी पायाशी जी सरळ फट आहे ती विया गॅरिबाल्डी. हे चार नीट ओळखलेत की खाली गल्लीत शिरल्यावर कुठल्या दिशेला काय आहे ते आपोआप कळतं.

आता परत लिफ्टने उतरायचं नाही. सालिता सान फ्रांचेस्कोने चालत उतरा, विटा आणि दगड लावलेली उताराची वाट आहे, थेट विया गॅरिबाल्डीच्या टोकाला, मेरिदियाना चौकात सोडते. ज्यांचे गुडघे उताराला दुखतात (आणि उतारच जास्त दुखतो, चढ नाही, हे लोक विसरतात) त्यांनी मात्र लिफ्टनेच उतरावं आणि खाली भेटावं. सगळ्यांनी एकाच वाटेने गेलं पाहिजे असं काही नाही.

इशारा: लँटर्ना वरून जवळ वाटतं म्हणून बंदरावरून तिथे चालत निघू नका. मध्ये ट्रक, फेरी टर्मिनल आणि मोठे रस्ते. जायचंच असेल तर बस धरा आणि वेगळा अर्धा दिवस ठेवा.

## ५. विया गॅरिबाल्डी आणि मग गल्ल्या (दहा ते साडेबारा)

विया गॅरिबाल्डी जेमतेम २५० मीटर आहे. लोक रस्त्याच्या मधून सरळ चालत जातात आणि "हो, छान इमारती होत्या" म्हणतात. अहो, इथे बघायचं ते दाराच्या आत असतं. मोठी दारं उघडी दिसली की डोकवा, आत चौक, जिने, छतावर चित्रं, वर लटकलेल्या बागा. तुर्सी नावाचा महाल म्हणजे नगरपालिकाच आहे. प्रसिद्ध व्हायोलिनवादक पागानीनीचं १७४३ सालचं व्हायोलिनही तिथेच ठेवलंय. तुर्सी, रोस्सो आणि बियांको या तिन्ही महालांत म्युझियम आहे. तिन्ही करू नका, एक निवडा, नाहीतर गल्ल्यांना वेळच उरत नाही. दारावर "प्रिव्हातो" लिहिलं असेल तर आत जायचं नाही, माणसं राहतात तिथे.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी गल्ल्यांमध्ये हा रूट घ्या: फोंताने मारोझे, मग विया लुक्कोली, सोझिल्या चौक, कांपेत्तो चौक, विया स्कुर्रेरिया, आणि समोर सान लोरेन्झो. पूर्ण रस्ता उताराचा किंवा सपाट, दुकानं चालू, माणसांची ये-जा. या रूटवर डावी-उजवीकडे ज्या फटी दिसतील त्यात बिनधास्त शिरा, शंभर पावलं जा, परत या. कोपऱ्यांवर भिंतीत मेरीच्या मूर्तींचे देव्हारे दिसतील, त्या खाणाखुणा म्हणून लक्षात ठेवायला फार बऱ्या, कारण दुकानांच्या पाट्या सगळ्या सारख्याच वाटायला लागतात.

सान लोरेन्झोला बाराच्या आत पोचा, चर्च दुपारी बंद होतं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, एक ओढणी बॅगेत टाकून ठेवा. आत उजव्या बाजूला एक भलामोठा तोफगोळा उभा करून ठेवलाय, १९४१ मध्ये ब्रिटिश जहाजाने डागलेला, आत आला पण फुटला नाही. मुलं सोबत असतील तर चर्चमधलं एवढं एकच त्यांना आवडतं.

गल्ल्यांबद्दल स्पष्टच लिहितो कारण दोन्ही टोकाचे सल्ले मिळतात, कोणी म्हणतं अजिबात जाऊ नका, कोणी म्हणतं काहीच भीती नाही. दिवसा दुकानं उघडी असताना जा, मजेत जा, फोन आणि पाकीट पुढच्या खिशात. अंधार पडल्यावर विया प्रे आणि विया देल्ला माद्दालेनाच्या आजूबाजूच्या बारीक गल्ल्या टाळा, तिथे ड्रग्जचा धंदा चालतो. रात्री हॉटेलला परतताना वरच्या कण्यावरूनच जायचं, पाच मिनिटं जास्त लागतील.

तपासा: सव्वाबारा झाले? असाल तिथून सान लोरेन्झोच्या रस्त्याने खाली बंदराकडे उतरायला लागा. आता जेवण.

## ६. जेवणाची वेळ चुकवू नका

साडेबारा ते दोन. यानंतर बऱ्याच ठिकाणी किचन बंद होतं ते थेट संध्याकाळी सात-साडेसातला उघडतं. "आधी हे बघू, मग जेवू" हे मुंबई-पुण्यात चालतं, इथे उपास घडतो. वेळ चुकलीच तर फोकाच्चाच्या (ऑलिव्ह तेलातला चपटा पाव) बेकऱ्या शोधा, वजनावर कापून देतात, एत्तो म्हणजे १०० ग्रॅम.

शाकाहारी लोकांसाठी खरं तर इटलीतल्या सोप्या शहरांपैकी हे एक. फारिनाता म्हणजे चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, मोठ्या तांब्याच्या परातीत भट्टीत भाजलेलं, आपल्या बेसनाच्या पोळ्याचा जाड भाऊच. अंडं नाही, दूध नाही. कधी त्यात कांदा घालतात, कधी बारीक मासळी, म्हणून साधी हवी असं सांगा. परात भट्टीतून निघायच्या वेळेला गेलात तर गरम मिळते, थंड झाली की मजा नाही, त्यामुळे काउंटरवर "पुढची कधी?" विचारायला लाजू नका.

पेस्तो म्हणजे बेसिलच्या पानांचा सॉस, तो इथलाच, त्रोफिए किंवा बटाटा आणि फरसबी घातलेल्या त्रेनेत्ते या पास्त्यांबरोबर घ्या. पानसोती म्हणजे पालेभाजी-चीज भरलेला पास्ता, वर अक्रोडाचा सॉस. पण नीट ऐका: पेस्तोत लसूण असतो, आणि त्यातलं पारमेजान-पेकोरिनो चीज प्राण्याच्या रेनेटने (वासराच्या पोटातून काढलेला, दूध गोठवणारा पदार्थ) केलेलं असतं. हे ज्यांना चालत नाही त्यांनी फारिनाता आणि साधी फोकाच्चा यावरच राहावं. तोर्ता पास्क्वालिनामध्ये (पालेभाजी भरून भाजलेला प्रकार) अंडं असतं. पाटीवर "आच्चुगे" दिसलं तर त्यात मासळी आहे, बाहेरून कळत नाही.

बिलात "कोपेर्तो" म्हणून माणशी काही रक्कम दिसेल, ती फसवणूक नाही, टेबलावर बसायचा आकार आहे. कॉफी काउंटरवर उभ्याने प्यायली तर स्वस्त पडते आणि टॉयलेटचाही प्रश्न सुटतो.

## ७. बंदर: तासभर पुरे

पोर्तो आंतिको म्हणजे जुनं बंदर, १९९२ मध्ये नव्याने बांधलं, आर्किटेक्ट रेन्झो पियानोचं डिझाइन. मत्स्यालय मोठं आहे पण आत दोन-तीन तास जातात, त्यामुळे चालायच्या दिवशी ते घेऊ नका. लहान मुलं असतील तर उलट करा, मत्स्यालय ठेवा आणि पुढचा टप्पा कापा.

इथे लोकांचा मोठा भ्रमनिरास होतो. समुद्राचं शहर म्हणून आलेले असतात आणि समोर बोटी, डोक्यावरून जाणारा उड्डाणरस्ता आणि पर्यटकांचे स्टॉल. उघडा समुद्र इथे नाहीच. तो बघायला पूर्वेला जावं लागतं, म्हणून इथे रेंगाळू नका. सान जॉर्जोहून मेट्रो पकडून ब्रिन्योलेला जा आणि हॉटेल असेल तर तासभर पाय वर करून पडा. ही विश्रांती लोक गाळतात आणि मग संध्याकाळची सगळ्यात चांगली चाल रद्द होते.

## ८. संध्याकाळ: फोचे ते बोक्कादास्से, याच दिशेने

ब्रिन्योले ते फोचे सपाट आहे पण गाड्यांचा रस्ता, बघण्यासारखं काही नाही, तिथे बस घ्या. फोचेपासून कॉर्सो इतालिया सुरू होतो, समुद्राला लागून रुंद फूटपाथ, अडीच किलोमीटरच्या आसपास, आजी-आजोबा, कुत्री, पळणारी पोरं, सगळं शहर संध्याकाळी इथेच. सूर्यास्ताच्या दीड तास आधी निघा. पूर्वेकडे चालत असल्याने ऊन पाठीवर राहतं, उलट दिशेने आलात तर पूर्ण वेळ डोळ्यांत.

खाली जे खुर्च्या-छत्र्या लावलेले किनारे दिसतात ते बहुतेक खाजगी, पैसे भरून. वाळूची अपेक्षा ठेवू नका, इथे गोटे असतात. बोक्कादास्से हे शेवटचं टोक, रंगीत घरांची जुनी मच्छीमार वस्ती, छोटा गोट्यांचा किनारा, तो सगळ्यांसाठी खुला. अनवाणी चालायला गेलात तर दहा पावलांत परत याल. आइस्क्रीम घ्या, भिंतीवर बसा.

इशारा: परतीची बस किनाऱ्यावर येत नाही, वरच्या रस्त्यावर थांबते, आणि तिथपर्यंत छोटा पण चांगलाच चढ आहे. थकलेल्या माणसांना घेऊन खाली उतरायच्या आधीच हे सांगून ठेवा. तिकीटही आधीच घेतलेलं हवं, संध्याकाळी तंबाखूची दुकानं बंद झालेली असतात.

## ९. दुसरा दिवस मिळाला तर

नेर्वी. ब्रिन्योलेहून लोकल ट्रेन, पंधरा मिनिटांच्या आत-बाहेर, आणि स्टेशन समुद्राला इतकं लागून की उतरलात की चालायची वाट समोरच. खडकांच्या कडेने दोनेक किलोमीटरची पायवाट आहे, जवळजवळ सपाट, वर बागा. पहिल्या दिवशी ज्यांचे पाय बोलले त्यांच्यासाठी हीच. वादळानंतर काही भाग बंद ठेवतात, दोरी लावलेली दिसली तर ओलांडू नका, लाटा वरपर्यंत येतात.

ज्यांना दम आहे त्यांनी लार्गो झेक्काहून फ्युनिक्युलरने (दोराने ओढली जाणारी डोंगरावरची रेल्वे) रिगीला जावं, वर किल्ल्यांची रांग आहे आणि मोकळ्या डोंगरावरच्या पायवाटा. इथेही तेच, वर गाडीने आणि खाली पायी. पाणी खालूनच भरून न्या.

लोकल ट्रेनचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये शिक्का मारा, फोनवरचं असेल तर गाडीत चढायच्या आधी त्यात चेक-इन करा. टीसी समोर आल्यावर केलेलं चेक-इन धरत नाहीत, दंड होतो, आणि "आम्हाला माहीत नव्हतं" हे इटालियनमध्ये कितीही चांगलं बोललात तरी उपयोग नाही.